दुसऱ्या पेपरच्या आधी

नवा रायपूर,
१८ एप्रिल २०१६

प्रिय अनु,

परवा गोल बाजारात तुझी आई, शांताकाकू भेटल्या. म्हणाल्या, "अनुनं सगळी पुस्तकं रद्दीत काढली. म्हणते, माझं डोकंच चालत नाही." मी डबे घ्यायला गेले होते ते न घेताच घरी आले.

तुझा मला किती हेवा वाटायचा, तुला कल्पना नाही. समता कॉलनीतल्या क्लासमध्ये आपण तीन वर्षं एका बाकावर बसलो. चार तासांनंतरही तू ताजीतवानी, सरांनी गणित घातलं की हात वर. माझं मात्र कपाळ ठणकत असायचं. तीच ओळ तिसऱ्यांदा वाचायची, कोणी पेन मागितलं तरी खेकसायची. घरी बाबांचं चालूच, "अनुश्रीले पाह्य, कशी हासत अभ्यास करून राहिली पोट्टी!" जेवण कडू व्हायचं माझं.

तू घोट घोट पाणी पीत असायचीस. मी क्लासमधल्या त्या घाण संडासात जावं लागू नये म्हणून सकाळपासून घसा कोरडा ठेवायची. "नीलू, पाणी काहून नाही पीत तू?" असं तू विचारलंस की तोही मला तुझा आगाऊपणा वाटायचा.

दोन वर्षांपूर्वीची भरतीची परीक्षा आठवते? मे महिना, इथलंच केंद्र. बसमधून तू घाईनं उतरलीस आणि तुझी बाटली सीटवर राहिली. मी ती पाहिली होती. बोलले नाही.

पहिला पेपर झाला. शाळेचा नळ कोरडा, बाहेर रुंद रस्ता, एक टपरी नाही. तू विचारलंस, "नीलू, घोटभर आहे का गं?" मी म्हटलं, "संपलं." पिशवीत माझी अर्धी बाटली होती, अनु. "हव, चालते," म्हणून तू भिंतीच्या सावलीत डोळे मिटून बसलीस. मी शाळेमागे जाऊन सगळं पाणी पिऊन टाकलं.

दुसऱ्या पेपरनंतर तू रडत बाहेर आलीस. "सोपी गणितं होती गं, आकडेच डोक्यात थांबेनात." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनातून मला बरं वाटत होतं. मी निवडले गेले, तू चार गुणांनी राहिलीस.

गेल्या महिन्यात ऑफिसात उन्हाळ्याची काळजी समजावायला आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अंगातलं पाणी थोडं कमी झालं तरी धडधाकट तरुण माणसाचंही लक्ष उडतं, डोकं दुखतं, चिडचिड होते. सगळे लिहून घेत होते. मी वही मिटली. तेवढ्यामुळेच तू राहिलीस, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्या दुपारी तुझं डोकं का चाललं नसेल, हे तुला कळायला हवं होतं. आणि पाणी असूनही मी ते तुला दिलं नाही, हे फक्त मला माहीत होतं.

बाबांना मी सगळं सांगितलं.

माफी मागायला लिहीत नाही. नव्या भरतीच्या फॉर्मची शुक्रवार ही शेवटची तारीख आहे. त्या परीक्षेनंतर तू एकही फॉर्म भरला नाहीस. हा भर. तू माझ्यापेक्षा वरच्या जागेवर आलीस तर मला पुन्हा हेवा वाटेल, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. तरी भर.

तू म्हणू देशील तर तुझीच,
नीलिमा