ठशांवरची आडवी रेघ

तीर्थरूप आईस,

तुझ्या भांडखोर लेकीचा नमस्कार. खोकला गेला, जेवणही वेळेवर होतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

आमचं चित्रांचं पुस्तक छापून, हाताने शिवून झालं. लाकडावर सगळी चित्रं मी कोरली, धंद्यातल्या जोडीदाराने छापली. प्रदर्शनात बघते तर पहिल्या पानावर एकट्या त्याचं नाव! वर मला म्हणतो, "अगं, कोरणारे हात काय, कुठेही मिळतात."

मी गप्प बसले. हो, तुझी लेक गप्प बसली!

आमच्या धंद्यात, ठरलेल्या प्रती छापून झाल्या की कोरणाराच ठशावर आडवी रेघ ओढतो, म्हणजे तो पुन्हा छापता येत नाही. मी त्याच रात्री पटाशी घेतली. काल आणखी प्रतींची मागणी आली, तसा हा नाचत आला आणि ठसे बघून किंचाळला, "हे काय केलंस?"

"शोध की हात," म्हटलं. "कुठेही मिळतात."

मग घरी येऊन रडले. माझाही जीव होता त्या लाकडात.

एक ठसा मात्र चिरवला नाही: शिवणयंत्रावर वाकलेली तू. त्यावर माझं नाव कोरलं आणि सोबतचा कागद छापला. दारासमोरच्या भिंतीवर लाव. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचू दे.

जराही न पस्तावलेली,
तुझी लेक