साकुराखाली शिगेजीचा डबा

कानाझावा, ५ मार्च

चि. शिगेजी यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा बागेत साकुराच्या झाडांखाली दिव्यांच्या तारा ओढायला माणसं आली. कळ्या अजून तांदळाएवढ्या, पण मला दम निघेना. आपल्या लहानपणी उजेडासाठी लोखंडी टोपल्यांत लाकडं पेटवायचे, आठवतं? तू ठिणग्या पकडायला धावलास आणि नव्या कोटाला भोक पाडून आलास. आई रागवायचं सोडून हसतच बसली होती.

तू उत्तरेला गेल्यापासून साकुराच्या रात्री मी तळ्याकाठी चटई टाकते आणि शेजारी तुझाही डबा मांडते. घरचं माणूस दूर असलं की त्याचं पान मांडावं, म्हणजे ते तिथे उपाशी राहत नाही, असं आई मानायची. पण इतकी वर्षं तुझा डबा शेवटी मीच संपवतेय. जाडी झाले ती त्यानेच!

एप्रिलअखेर हे घर सोडून मी नागोयाला लेकीकडे कायमची जातेय. गुडघे आता जिना चढू देत नाहीत. तेव्हा यंदा ये, आणि तुझा डबा तू खा. सबबी ऐकणार नाही. हात्सुएला आशीर्वाद.

तुझी वाट बघणारी,
तोमिएताई

हाकोदाते, १४ मार्च

ती. ताईस शिगेजीचा सा. न. वि. वि.

अक्षरावरून ओळखलंच असशील. मी सांगतोय आणि हात्सुए लिहितेय. हिवाळ्यात मला अर्धांगाचा झटका येऊन गेला. तुला कळवायचं नाही असं मीच हिला बजावलं होतं. आता चालतो, बोलतो, पण उजवा हात ऐकत नाही. डाव्याने जेवणाच्या काड्या धरतो, तर घास तोंडात कमी आणि मांडीवर जास्त. मध्यंतरी एका लग्नात समोरची मंडळी भलेपणाने दुसरीकडे बघू लागली. तेव्हापासून चारचौघांत जेवत नाही.

घर सुटण्याआधी तुझ्याशेजारी एकदा बसावं असं फार वाटतं गं. पण त्या गर्दीत तुझ्या डब्यातले काळे गोड सोयाबीन घरंगळवत बसू? नको. माझं पान यंदाही तूच मांड.

तुझा,
शिगेजी

(ताई, हे सांगताना त्यांनी दोनदा डोळे पुसले. ही ओळ त्यांना वाचून दाखवणार नाही. हात्सुए)

कानाझावा, २० मार्च

चि. शिगेजी यास आशीर्वाद नंतर, आधी बोलणी.

झटका येतो आणि बहिणीला पत्ता नाही! भेटलास की कान पिळणार आहे, दोन्ही.

आता ऐक. दिवे असतात झाडांच्या बुंध्याशी, वर तोंड करून. फुलं उजळतात आणि खाली चटईवर मिट्ट काळोख. सगळी दुनिया माना वर करून बसलेली. गेल्या साली शेजारची बाई स्वतःचं समजून माझं लोणचं खात होती, तिला पत्ता नव्हता! तुझ्या हाताकडे कोण बघतंय? मीही बघणार नाही, शब्द देते.

हात्सुए, तिकिटं काढ गं. त्याला विचारत बसू नकोस.

कान पिळायला आतुर,
ताई

हाकोदाते, १२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोहोचलो. कान अजून लाल आहेत.

ती रात्र डोळ्यांपुढून हलत नाही. वारा सुटला की पाकळ्या उजेडातून पांढऱ्याशुभ्र येत आणि तळ्यावर पोहोचेपर्यंत दिसेनाशा होत. आई शेजारीच बसलीय असं सारखं वाटत होतं. डबा मी पुरता संपवला. सोयाबीन किती सांडले ते तळ्यातल्या माशांना ठाऊक. माणसांपैकी कोणी पाहिलं नाही, तू म्हणालीस तसंच.

काळोख मात्र तू म्हणालीस तेवढा नव्हता, ताई. आणि न बघण्याचा शब्द तू दिला होतास, मी नाही. तू मान वर करून फुलांचं कौतुक करत होतीस, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो. तूही डाव्या हातानेच जेवत होतीस. तू, एवढी टापटिपीची बाई, आणि किमोनोवर भाताची शितं तशीच पडलेली.

हात्सुए लिहिता लिहिता थांबलीय, म्हणून पुरे करतो. लोभ आता वाढवू नकोस. आहे तोच पेलवत नाही.

तुझा,
शिगेजी