निळी वायर आणि चारचा चहा

किन्हवली, गुरुवार

आदरणीय यमाजी व्याही यांना भगीरथाचा रामराम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं समीक्षाकडून कळलं, बरं वाटलं. विहीणबाईंना नमस्कार सांगा. इकडे आम्ही सगळे खाऊनपिऊन सुखी आहोत (खाऊन जरा जास्तच, त्याचं कारण पुढे येईल). फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, आणि चुकून बोलायला मिळालंच तर आमची कारभारीण हिरी शेजारी येऊन उभी राहते. कागदावर दोघांचाही उपद्रव नाही.

तुमचा निरोप पोचला. रोज चार वाजता तुम्ही लेकीला व्हिडिओ लावता आणि रोज तुमचं तोंड उघडं असतानाच चित्र थांबतं, याचा राग कोणालाही येईल. म्हणून येत्या रविवारी गाडी घेऊन यायचं, समीक्षाला वाशिंदला न्यायचं आणि आमचं नेट सुधारेपर्यंत तिने माहेरूनच कंपनीचं काम करायचं, असं तुम्ही ठरवलंत. व्याही, खरं सांगतो, ऐकल्यापासून मी हिशेब मांडत बसलोय. आमच्या जगनचा कारखानाही वाशिंदलाच. बायको तिथे, काम तिथे, मग तो रोज दोन गाड्या बदलून या पाड्यावर कशाला येईल? मागे उरणार मी, हिरी आणि एक भाकड म्हैस. तेव्हा गाडीत डिझेल भरण्याआधी आमची बाजू ऐकून घ्या.

मुळात बिनवायरचं नेट घ्यायचं हा हट्ट माझा. घरात वायरींचं जाळं नको म्हणून मी खुशीत होतो, तर पहिल्याच दिवशी शहापूरहून दोघं जण खांद्यावर हे एवढं वायरचं भेंडोळं घेऊन हजर! म्हणाले, काका, घरापर्यंत वायर, घरात बिनवायर. (मग बिनवायरचं म्हणून जाहिरात कशाला करतात?) ती वायर त्यांनी माझ्या शेताच्या कडेने जमिनीवरूनच टाकली. आठवड्याभरात मी राब भाजायला घेतला. शेण, पाला, पेंढा पसरला, वारा बघितला, पाण्याचा हंडा हाताशी ठेवला, सगळं रीतसर केलं. भाताच्या रोपाला जागा झकास तयार झाली आणि वायरही झकास भाजली. ते दोघं परत आले आणि मलाच विचारतात, "काका, वायर दिसली नाय का?" मी म्हटलं, "पाल्याखालचं काय दिसल रं? मी काय घुबड हाय?" तेव्हापासून ती वायर खांबांवरून येते.

नेटचा डबा बसवला माजघरात, आणि माजघरात आमची भाताची कणगी. भरल्या कणगीपलीकडे नेट जात नाही, हा शोध समीक्षाचा. त्यावर मी डोकं चालवलं: भात उतरेल तसं नेट चढेल. त्या दिवसापासून मी दोन्ही वेळा मूठभर भात जास्त खायला लागलो. घरासाठी माणसाला काय काय करावं लागतं! कणगी वीतभर उतरली नाही, पण माझ्या सदऱ्याची खालची दोन बटणं कायमची सुटली.

तोवर समीक्षाला नेट मिळायचं ते फक्त चुलीजवळ. पाटावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन ती कंपनी चालवायची आणि शेजारी हिरी भाकऱ्या थापायची. हिरीला कंपनीतली सगळी माणसं तोंडओळखीची झाली. एक साहेब फारच वाळलेला दिसला, तेव्हा हिने मीटिंगमध्ये तोंड घातलं, "जेवलास का नाय रं बाबा?" तो बिचारा खरं बोलला, नाही म्हणाला. मग कंपनीचं काम थांबलं आणि नाचणीची आंबील कशी करतात ते सुरू झालं. (साहेबाने लिहून घेतलं म्हणे.)

मग तुम्ही स्वतः निळी वायर घेऊन आलात. वायर ती वायर, हवेवर कसला भरवसा, हे तुमचं म्हणणं मी मान खाली घालून मान्य केलं. डब्यातून निघून तुळईवरून मागच्या खोलीत वायर गेली आणि नेट धावायला लागलं. कोंबडा मीटिंगमध्ये आरवतो म्हणून समीक्षाने खोलीचं दार लावून घेतलं. एवढी मजबूत वायर रिकामी कशाला, म्हणून हिरीने तिच्यावर लसणाच्या जुड्या टांगल्या. सगळं सुरळीत, आणि तरी रोज चार वाजता नेट बंद! मी उंदरांवर संशय घेऊन मांजर आणलं, तर ते लॅपटॉपच्या उबेला झोपायला लागलं. लसूण उतरवून पाहिला. शेवटी म्हटलं, व्याह्यांचा चेहरा भरदार आहे, वायरीतून मावत नसेल. (रागावू नका, समीक्षाही हसली.)

तर रविवारी जरूर या, पोटभर जेवा, पण गाडी रिकामीच परत न्या. नेटचा बंदोबस्त मी करतो, हा माझा शब्द.

तुमचा,
भगीरथ

ता. क. — चोर कालच सापडला आहे, वर लिहायचा धीर झाला नाही. चारच्या सुमाराला मी कणगीआड दबा धरून बसलो. हिरी आली, चहाचं आधण ठेवलं, पदराला हात पुसले आणि डब्यातून निळी वायर उपटली. मी पुढे होऊन म्हटलं, "अगो, ह्ये काय?" ती दचकलीसुद्धा नाही. "मंग काय करू? दिवसभर दार लावून बसते पोरगी. ही काढली का बाहेर येते, चा पिते, दोन शबूद बोलते. परत लावते ना मी, ठेवून घेते काय?" मला रागावता येईना. त्या चहाला मीही असतोच. आमच्या घरात दिवसभरात हसू ऐकू येतं ते तेवढ्या वेळात.

आणखी एक — खरी विनंती ही. येताना नवी वायर आणू नका. डबा तेवढा चुलीजवळच्या फळीवर हलवून द्या, तुमचा त्यात हात बसलेला आहे. म्हणजे चुलीजवळच नेट जोरात मिळेल आणि पोरगी दार लावून बसायची नाही. हिरीने त्या फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या उतरवून ठेवल्या आहेत. लग्न झाल्यापासून त्या बरण्यांना मला हात लावू दिलेला नाही, यावरून तिच्या मनाची कल्पना करा. विहीणबाईंना यातलं काही सांगू नका, हिरीला मेल्याहून मेल्यासारखं होईल. समीक्षालाही काही ठाऊक नाही. पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देतोय. गुणी पोर आहे, दुसऱ्याचं पत्र वाचायची नाही.

(खालचं अक्षर समीक्षाचं) — बाबा, वाचलं. चारला माझी सुट्टीच असते, आणि नेट चालू राहिलं तर त्या सुट्टीत तुम्ही मला व्हिडिओवर घरभर फिरवून वायरीचे जोड तपासत बसता. यापुढे फोन पाचला करा. मी रविवारी वाशिंदला येत नाही, तुम्ही आईला घेऊन इथे चहाला या. आणि वायरीच्या टोकाचा खटका डब्यात बसत नाही म्हणून दुसरी आणू नका. तो मीच मोडून ठेवलाय. सासूबाईंचं मनगट दुखतं, ओढताना जोर लागायला नको.