डॉक्टरच्या नावाचे गहू

प्लेवेन, २ जुलै

तीर्थस्वरूप योर्दांकाताई,

धाकट्या रुस्काचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता बरे असतील आणि झाडावरचे जर्दाळू कुणीतरी उतरवून दिले असतील, अशी आशा करते. माझी तब्येत ठणठणीत आहे. अपराधी माणसाची असतेच.

हल्ली टीव्हीवर काय बघतेस, असं मागे विचारलं होतंस. सगळं बघते आणि कशावरच खूश नाही. तुर्की मालिकांत बायका दागिने घालून झोपतात आणि दाराआडून ऐकण्यापलीकडे कुणाला कामधंदा नाही. (आमच्या इमारतीत ते काम तिसऱ्या मजल्यावरची मित्रा फुकटात करते.) भुतांचे सिनेमे त्याहून टाकाऊ. खुडबुड झाली की पोरगी एकटीच मेणबत्ती घेऊन तळघरात उतरते. आमच्या तळघरात उतरून दाखव म्हणावं! आंबवलेल्या कोबीच्या पिंपाचा वास आला की भूतच जीव मुठीत धरून पळेल. परवाच्या सिनेमात एक विधवा सहा महिने रिकाम्या घरात एकटी राहते आणि भिंतींशी बोलते. मी म्हटलं, काहीतरीच! हिला बहीणभाऊ कुणी नाहीत की काय? मग तू आठवलीस आणि मी टीव्ही बंद केला. (घाबरून नाही, लाजून.)

म्हणून आता सांगूनच टाकते. मार्चमध्ये स्टोइलभावोजींना जाऊन चाळीस दिवस झाले, त्यांचा चाळिसावा होता, त्या शनिवारी मला ताप नव्हता. माझ्या मालिकेतला डॉक्टर जेवदेत गुरुवारी समुद्रात बुडाला होता आणि शनिवारी दुपारी त्याच्या अंत्यविधीचा भाग होता. तुझ्या गावाहून परतीची बस संध्याकाळी. मी तुला फोनवर खोकून दाखवलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण डॉक्टरसाठी जीव इतका तुटत होता (तीन वर्षं रोज भेटणारा माणूस, ताई, सख्खे नातेवाईकसुद्धा इतके भेटत नाहीत) की मी सकाळी मेलेल्यांच्या नावाने वाटतात तसे गहू शिजवले, साखर आणि अक्रोड घातले आणि खालच्या बाकावर बसलेल्या बायकांना पेल्यांतून वाटले. तो मुसलमान होता, मान्य. पण गोड गहू कुणाला बाधतात? बायकांनी "देव त्याला क्षमा करो" म्हणत पेले पुसून खाल्ले. कुणासाठी, हे आपल्यात कोण विचारतं?

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मित्राबाईने मात्र मनाशीच जुळवलं आणि तुला फोन केला. "तुझी बहीण तापाने फणफणलीय, तरी मेहुण्याचा चाळिसावा चुकवला नाही हो तिने!" मग तू मला फोन करून रडलीस. म्हणालीस, "रुस्का, इथे निम्मे लोक आलेच नाहीत. तुझ्या भावोजींना विसरली नाहीस, तेवढी एक तूच." तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं!" आठवडाभराने तू भावोजींचा लोकरी कोट माझ्यासाठी पाठवलास. तो मी एकदाही अंगात घातलेला नाही. कपाट उघडलं की त्यांच्या तंबाखूचा वास येतो आणि मी कपाट लावून घेते.

आणि शिक्षा बघ! गेल्या आठवड्यात डॉक्टर परत आला. बुडाला नव्हताच, स्मृती गमावून एका कोळ्याच्या झोपडीत जाळी विणत बसला होता. म्हणजे जिवंत माणसाच्या नावाने गहू वाटले आणि मेलेल्याच्या नावाने खोटं बोलले. गहू कुणाचे होते ते त्या दिवशी माझ्याच तोंडून निसटलं; बाकावरच्या बायका आता माझ्या हातचं बिस्कीटसुद्धा आधी हुंगून घेतात.

मला फार वाईट वाटतं, ताई. भावोजींनी मला सायकल शिकवली होती.

तुझी,
रुस्का

ता. क. कोट परत पाठवू का? पाठवावासा वाटत नाही.

ता. क. २. वर लिहायची हिंमत झाली नाही. त्या शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मी टीव्ही बंद केला नव्हता, नुसता आवाज घालवला होता. तू रडत होतीस आणि मी पडद्यावरच्या ओठांकडे बघत होते.

ता. क. ३. अठ्ठावीस तारखेला भावोजींना सहा महिने होतात. गहू मी शिजवून आणू? हो असेल तर दोन ओळी लिही. नको म्हणायचं असेल तर मात्र फोन कर, म्हणजे निदान तुझा आवाज तरी ऐकू येईल.