शाबासकी राखून ठेवली आहे

२५ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. न चुकता.

प्राचार्यांनी कॅम्पला मंजुरी दिली. टीवायबीए भूगोल, जानेवारीचा दुसरा आठवडा. मुक्काम दिवेआगरला, सुरूच्या बनाजवळ, तंबूत. शेवटची संध्याकाळ हरिहरेश्वरच्या तरंगघर्षित चबुतऱ्यावर. म्हणजे लाटांनी कापून सपाट केलेला तो काळा खडक. टूरिस्ट लोक त्यावर सेल्फी काढतात आणि आपण कशावर उभे आहोत हे त्यांच्या गावीही नसतं.

कॅम्पप्रमुख मी. सहायक शिवानी मॅडम. तासिका तत्त्वावरच्या आहेत, शिकतील. त्यांनी विचारलं की होमस्टे असताना तंबू कशाला. भूरूपशास्त्र गादीवर झोपून कळत नाही, असं सुनावलं. वाक्य चांगलं जमलं. परत वापरायचं.

वर्गात आरोही आहे. माझी मुलगी. पहिल्या वर्षापासूनचा नियम : कॉलेजात बाबा नाही, सर. पहिल्याच आठवड्यात ती 'बाबा, डबा राहिला' असं ओरडत कॉरिडॉरमधून पळत आली होती. तो तास पूर्ण बाहेर उभी केली, डबा हातात धरून. त्यानंतर एकदाही चुकलेली नाही.

आता गुप्त गोष्ट. माझ्या सगळ्या नोकरीत इतकी चांगली विद्यार्थिनी मला मिळालेली नाही. नकाशावरच्या रेषा बघून ही पोरगी टेकडीचा उतार हाताने हवेत काढून दाखवते. हे कुणालाच सांगितलेलं नाही. केसरलाही नाही, बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही. ठरवलंय, शेवटच्या संध्याकाळी, चबुतऱ्यावर, सूर्य बुडताना, सगळ्यांसमोर सांगायचं. भाषण तयार आहे. तोपर्यंत कडक. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

२८ नोव्हेंबर

मैदानावर तंबूची प्रॅक्टिस. प्रात्यक्षिक मी स्वतः दाखवलं. ऑनलाइन मागवलेल्या तंबूत एक काठी जास्तच आली होती. आत जाऊन कोपरा ताणत असताना सगळा तंबू माझ्यावर बसला. वारा. शिवाय माल चिनी.

मुलांनी ओढून बाहेर काढलं. खूप हसली. कॅम्पला मोकळं वातावरण लागतंच.

मग आरोहीने तोच तंबू एकटीने उभा केला. ती जास्तीची काठीसुद्धा कुठे जाते ते तिला सापडलं. पाडायला लावला. उत्तर बरोबर होतं, पण पद्धत माझी नव्हती. गणराज मागून पुटपुटला, 'उभा ऱ्हायला ना, मंग?' हा पोयनाडकडचा, भातशेतीवाल्या घरातला. समज कमी.

१ डिसेंबर, रविवार

पहाटे चालायला जाण्याचा संकल्प. कॅम्पप्रमुखाला दम हवा.

थंडी होती. उद्यापासून.

२ डिसेंबर

उद्यापासून.

वर्गात पुळणीवर प्रश्न विचारला. सगळे गप्प. आरोहीने उत्तर दिलं, वर नागावच्या किनाऱ्याचं उदाहरण दिलं, पावसाळ्यात तिथली वाळू कुठे जाते आणि कधी परत येते ते. मी म्हटलं, पाठांतर. ती खाली बसली. तिला पहिलीत असताना नागावला मीच नेलं होतं, ओल्या वाळूवरच्या लाटांच्या रेघा दाखवायला. त्या दिवशी तिने मला इतके प्रश्न विचारले की भेळ खायची राहिली. तिला आठवत असेल का? असो.

व्हॉट्सअप ग्रुप काढला. 'भूरूप योद्धे'. अॅडमिन मी. बेचाळीस सूचना टाकल्या. निळ्या खुणा सगळ्यांच्या, उत्तर कुणाचंच नाही. पटलं की माणूस बोलत नाही. शिवानी मॅडम बोलता बोलता 'दुसऱ्या ग्रुपवर मुलं म्हणत होती' असं काहीतरी म्हणाल्या आणि एकदम खोकल्या. त्यांना धुळीची अॅलर्जी असावी.

५ डिसेंबर

स्टाफरूममध्ये अपमान. अर्थशास्त्राचे हर्षद सर चहा ढवळत म्हणाले की बरंय तुमचं, घरच्या पोरीची ट्रिप झाली, वर भत्ता. सगळे हसले. मीही हसलो, पण चहा गेला नाही.

माझ्यावर पक्षपाताचा आरोप! ज्याने पोटची पोरगी सीआर (वर्गप्रतिनिधी) होऊ नये म्हणून स्वतः हात वर करून विरोध केला, त्याच्यावर! (झालीच ती. मुलांनी एकमताने निवडली.)

निर्णय : निवड चाचणी. पाठीवर ओझं घेऊन कनकेश्वरच्या पायऱ्या चढायच्या, वर पोचल्यावर तोंडी परीक्षा. नापास झाला तो कॅम्पला नाही. आणि कुणी बोट दाखवू नये म्हणून आरोहीच्या पिशवीत दोन विटा जास्त. विटा मीच निवडल्या. चांगल्या भाजलेल्या.

८ डिसेंबर, रविवार

चाचणी झाली. मी पायथ्याशी थांबून नियंत्रण केलं, कोणीतरी खाली लागतंच. (गुडघा.) तोंडी परीक्षा मुलं खाली उतरल्यावर घेतली. वर पोचली की नाही ते शिवानी मॅडमनी फोनवर कळवलं. आरोही पहिली. विटांसकट. मॅडमनी तिला वर पाणी पाजलं, हे नियमात नव्हतं. नोंद केली.

सगळे पास होत गेले. पियूषसुद्धा. हा उरणचा, बाप कंटेनरचा ट्रेलर चालवतो. चबुतरा म्हणजे काय विचारलं तर 'सर, नॅचरल ओटा, टेन्शन नका घेऊ' म्हणाला. अर्धा मार्क दिला.

आरोही शेवटी. बेसॉल्ट, जांभा, समुद्रकडा, गुहा, वाळूचा दांडा, एकही चुकेना. पोरं बघतायत, हर्षद सरांच्या कानावर जाणार. शेवटी विचारलं, २००३ साली सांगलीच्या परिषदेत मी वाचलेल्या शोधनिबंधाचं शीर्षक काय? नाही आलं. निबंध घरी कपाटावर एवढी वर्षं पडलाय, वाचलेला नाही. नापास.

ती म्हणाली, 'खरंच, सर?' मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. तिने विटा काढून नीट एकावर एक रचून ठेवल्या. खांद्यावर पट्ट्याचे वळ उठले होते. मी ते पाहिले, हे इथेच लिहितो. पण काळजी नाही. आठवड्याने फेरपरीक्षा ठेवणार, एक सोपा प्रश्न, ती येणार, पक्षपाताचा डागही नाही. याला म्हणतात नियोजन.

 केसरने जेवण वाढलं आणि विचारलं की ही पोरगी मी तुम्हाला सांभाळायला दिलेय की सूड घ्यायला. बायकांना पद्धतशास्त्र कळत नाही.

१२ डिसेंबर

दुसरा टप्पा. लेखी. नापास असल्यामुळे आरोहीला बसता येत नव्हतं. तिला एकटं वाटू नये म्हणून प्रश्नपत्रिका वाटायला लावल्या.

सगळ्यांनी कोरे पेपर दिले. सगळ्यांनी. पियूष तर पेपरवर डोकं ठेवून झोपला. प्रश्नपत्रिका फार उंचीची निघाली. गणराजला हटकलं. तो उभा राहून म्हणाला, 'ती न्हाय तं आमी पन न्हाय, सर.' आपलं अज्ञान झाकायला एका मुलीचं नाव पुढे करणं मला आवडलं नाही. तसं सांगितलं.

निकाल : सगळे नापास. इतकी कडक चाचणी कुठल्या कॉलेजात झाली नसेल.

१६ डिसेंबर, सोमवार

फेरपरीक्षा. आरोहीला सोपा प्रश्न : पृथ्वीचा आकार कसा? तिने पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाली, 'नाही येत, सर.'

अभ्यासाचा ताण.

बाकीच्यांनाही विचारलं. गणराजने चौकोनी सांगितलं. पियूषने कंटेनरसारखी. मुलांचा पायाच कच्चा आहे, मागच्या शिक्षकांचा दोष. मागे मीच होतो, पण त्याच्याही मागे ऑनलाइन वर्ष होतं.

१९ डिसेंबर

प्राचार्यांनी बोलावलं. बस ठरली, दिवेआगरच्या वाडीवाल्याला तंबूंच्या जागेचं सांगून झालं, आणि कॅम्पला पात्र विद्यार्थी एकही नाही. हे काय, असं विचारलं. मी एकटा जाऊन प्राथमिक पाहणी करून येतो, असं सुचवलं. ते बराच वेळ पंख्याकडे बघत होते.

चाचणी रद्द. सगळे जाणार. प्रमुख शिवानी मॅडम.

तासिका तत्त्वावरच्या बाईच्या हाताखाली! पण एका परीने बरंच झालं. आरोही येणार. चबुतरा तोच, सूर्य तोच, भाषण तयार. प्रमुख कोणीही असो, सूर्य काय मॅडमला विचारून बुडणार आहे?

२ जानेवारी

बॅग भरली. शिट्टी, टॉर्च, गुडघ्याचा पट्टा, २००३चा निबंध (आरोहीसाठी, झेरॉक्स). भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं. 'आज मी शिक्षक म्हणून नाही, बाप म्हणून बोलतोय' इथे आवाज फुटतो. फुटू द्यायचा की नाही ते तिथे ठरवू. पहाटे चालणं उद्यापासून.

६ जानेवारी, सोमवार

मी जाणार नाही.

पुरुष शिक्षक म्हणून हर्षद सर जाणार. अर्थशास्त्राचा माणूस! त्याला भरती-ओहोटी म्हणजे शेअर बाजारातली.

प्राचार्य आधी प्रकृतीचं बोलले, मग गुडघ्याचं. मी म्हटलं, खरं सांगा. तर म्हणाले, वर्गाची तशी विनंती आहे. वर्गातर्फे सीआर बोलून गेली. रडली नाही, तक्रारही केली नाही, सर आले तर आम्ही कुणी येणार नाही, एवढंच म्हणून 'जाऊ का सर' असं विचारून गेली. सीआर म्हणजे आरोही. प्राचार्यांनी मला पाणी विचारलं.

गुडघ्याच्या काळजीपोटी केलं असणार. तिला माझा स्वभाव माहीत आहे, सरळ सांगितलं तर मी ऐकत नाही. मुलींचा जीव असतो बापावर.

बॅग अजून उपसलेली नाही.

९ जानेवारी, गुरुवार. सकाळी

गेली.

रिक्षा दारात होती. आज सांगून टाकावं असं ठरवून अंगणात उभा राहिलो. चबुतरा नसला म्हणून काय झालं. ती चपला घालून बुटांची पिशवी बांधत होती. मी घसा साफ केला. तिने मान वर करून पाहिलं, अगदी सरळ, वाट बघत असल्यासारखं.

मी म्हटलं, मोजपट्टी बाहेरच्या कप्प्यात ठेवायची असते, आत नाही.

तिने काढून बाहेरच्या कप्प्यात ठेवली. रिक्षा गेली. एवढी मोठी गोष्ट रिक्षाचं इंजिन चालू असताना सांगण्यासारखी नव्हती. आल्यावर सांगतो.

११ जानेवारी, शनिवार

माझ्या फोनवर तिचं स्टेटस दिसत नाही. नेटवर्क. केसरच्या फोनवर दिसतं. एकाच घरात दोन नेटवर्क, कमाल आहे.

फोटो पाहिला. हरिहरेश्वर, संध्याकाळ. चबुतऱ्यावर सगळी बसलीयत. मधे आरोही, डोकं मागे टाकून हसतेय. पियूष तिच्या डोक्यावर दगडाचा नमुना धरून उभा आहे. तिची खालची दाढ दिसावी इतकं ती हसतेय. घरी अशी हसलेली आठवायचा प्रयत्न केला. नागावची भेळ न खाल्लेली संध्याकाळ आठवली, पुढे काही येईना.

केसरला शिवानी मॅडमचा फोन आला होता. आपण शिकवलेल्या मुलांत इतकी हुशार मुलगी पाहिली नाही, असं मॅडमनी आज सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे. टाळ्या झाल्या. आरोही खूप रडली, मॅडमच्या गळ्यात पडून. केसर हे सांगताना स्वतःही रडत होती.

सूर्य बुडताना. वाक्यही जवळजवळ माझंच.

मी फोटोत एक चूक दाखवली, मुलं भेगेच्या फार जवळ बसलीयत. केसरने फोन काढून घेतला आणि म्हणाली, तुम्हाला नाचता येत नाही, आणि अंगण पण दुसऱ्याने सारवलेलं चालत नाही.  

१४ जानेवारी, संक्रांत

आज बोललो. दिरंगाई नको म्हणून सकाळीच. आरोही काल दिवसभर झोपून होती, आज उठून तिने केसरबरोबर लाडू वळले. मग वाटी घेऊन माझ्याकडे आली, वाकून पाया पडली, म्हणाली, 'तिळगूळ घ्या, सर.'

मी म्हटलं, घरी आहोत, बाबा म्हण. ती म्हणाली, सवय मोडली. रागाने नाही म्हणाली. चष्मा सापडत नाही म्हणावं तसं म्हणाली.

मग मी सांगितलं. भाषण सगळं आठवलं नाही. एवढंच म्हटलं की माझ्या सगळ्या नोकरीत तुझ्याइतकी चांगली विद्यार्थिनी मला मिळाली नाही. आवाज फुटला. फुटू दिला.

ती म्हणाली, 'थँक यू, सर.' माझ्या केबिनमध्ये जर्नलवर सही झाल्यावर मुलं म्हणतात, तसंच. वाटी हातात धरून उभी राहिली. मग विचारलं, 'जाऊ का, सर?'

संक्रांतीची सुट्टी होती. आम्ही आमच्या स्वयंपाकघरात होतो. मी म्हटलं, जा.