झोपलेल्या कॉम्प्युटरचा दिवा

अकोट, शनिवार संध्याकाळ

निघताना तो हिरवा दिवा लुकलुकत होता का? आठवतच नाही.

टीव्ही रेकॉर्ड करणारा आपला कॉम्प्युटर दिवसभर चालू राहायचा. लाइन गेली की इन्व्हर्टर संपवायचा आणि बाबांचा पंखा बंद पडायचा. म्हणून मी खटपट करून त्याला झोपायला शिकवलं. आता कार्यक्रमाआधी स्वतःच उठतो, रेकॉर्ड करतो, परत झोपतो. झोपेत फक्त तो दिवा लुकलुकतो. पण बोर्डाचं बटन चालू हवं, आणि हेच आईला सांगायचं राहिलं.

आज तिच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम आमच्या अकोल्याच्या लोकल केबलवर, एकदाच, आणि आम्ही इथे लग्नात. एसटीत बसल्यावर ती सहज म्हणाली, "कुलूप लावाच्या आंधी साऱ्या बोर्डाचे बटन बंद करून आली मी." गावाला जाताना नेहमीच करते. दिवा दिसला म्हणून कॉम्प्युटरचंच बटन तर आधी बंद केलं नसेल?

विचारायला गेलो, तर मांडवात मावशीला सांगत होती, "आमचं कॉम्प्युटर आपोआप उठते अन् सारं भरून ठेवते. माह्या पोरानं केलं."

"मंग उद्या येतोच आमी पाहाले," मावशी म्हणाली.

कार्यक्रम आता सुरू झाला असेल. मी आईला काहीच विचारलं नाही.