देवीनं तुला माफ केलं म्हणे

आये,

खुशाली विचारत नाही. तिथे गावकी नसेल एवढं धरून चालते, म्हणजे तू सुखात असशील. आज लिहायला बसले, कारण काल तुझ्यासाठी निरोप आला आणि तो पोचवायला माझ्याशिवाय कुणी नाही. देवीनं तुला माफ केलं म्हणे.

हसू नकोस. आपल्या गावकीचे चौघे पेढ्यांचा पुडा घेऊन रोह्याशेजारी वरशाला माझ्या घरी आले होते. पुढे अध्यक्ष तात्या, कपाळावर हा एवढा गंध. चहाचा कप हातात आल्यावर म्हणाले, "कुंदा, शिमगा जवळ आला, देवीला कौल लावला. उजवी कळी पडली बग. तुज्या आयेला देवीनं पदरात घेतली."

दिवाळीनंतर तू गेलीस, आणि माफी आता आली. उशीर का झाला ते मी विचारलं नाही. कोर्टात साक्षी सुरू व्हायच्या आहेत हे मला ठाऊक आहे, तात्यांना ठाऊक आहे, आणि त्यांच्या कळीलाही ठाऊक असावं.

तुझा गुन्हा तरी त्यांना आठवतो का? यमुनाकाकीच्या नवऱ्यानं बैठकीत तात्यांना उलट उत्तर केलं, म्हणून ते घर वाळीत टाकलं होतं. तो माणूस गेला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात नेतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दिवशी अख्खं गाव दारं ओढून बसलं. तू मात्र भाताचा टोप डोक्यावर घेतलास आणि भर दुपारी सगळ्यांच्या ओट्यांसमोरून चालत गेलीस. मी फोनवर ओरडले, तर म्हणालीस, "मेलेल्याला कसला गो वाळीत टाकतात?"

मग देवळात बैठक बसली. गुरवानं देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. या बाईला वाळीत टाकायची काय? उजवी पडली. आये, ओली कळी कधी सुटते ते पाण्यावर असतं, वाऱ्यावर असतं आणि चिकटवणाऱ्याच्या बोटावर असतं. एवढी अक्कल त्या देवळात कुणालाच नव्हती असं मी म्हणणार नाही. होती, म्हणूनच तर कौल लावला. स्वतःच्या तोंडानं 'हिला टाका' म्हणायची छाती एकाचीही नव्हती.

त्यानंतर गिरणीवाल्यानं तुझं दळण तसंच परत केलं. लावणीला कुणी येईना. ज्यांच्या पोरांच्या नाळा तू कापल्यास त्या बायका विहिरीवर तुला बघून पाठ फिरवायच्या. आणि सगळे दर मंगळवारी न चुकता देवळात! भक्ती नुसती ओसंडून वाहत होती.

मी तुला ओढत रोह्याला पोलीस ठाण्यात नेलं. फिर्यादीवर तुझा अंगठा आणि खाली माझी सही. माणसाला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, तसा कायदा झालाय, हे तुला समजावताना माझ्या नाकी नऊ आले. तात्यांना बोलावलं तेव्हाचं आठवतं? फौजदारांनी विचारलं, "ठराव कुणी केला?" तात्या म्हणाले, "देवीनं केला साहेब. आमी निस्तं विचारलं." फौजदारही वस्ताद. "मग देवीचं पूर्ण नाव, वय आणि पत्ता सांगा. आरोपीत घेतो."

मला हसू आवरेना, आणि तू भडकलीस! तात्यांवर नाही, फौजदारांवर. "देवीला आरोपी म्हनू नका साहेब. ती असं बोलनार नाय. मी तिला वळखते." ज्या माणसानं स्वतःची कातडी वाचवायला देवी पुढे केली तो बाजूला उभा, आणि तिची बाजू घ्यायला तू, तिच्याच नावानं टाकलेली बाई.

माझा विश्वास नाही, हे तुला माहीत होतं. पेणला मामाच्या कारखान्यात सुट्टीत गणपतींना रंग द्यायला बसायचे तेव्हाच तो उडाला. सकाळी ज्याला उचलून उन्हात ठेवलं, त्याला मामानं डोळे आखले की संध्याकाळी गिऱ्हाईक हात जोडणार. मी तुला म्हटलं, यात देव आला कुठून? तू म्हणालीस, "जो हात जोडतो त्याच्याकडून येतो. तुला काय करायचंय, नको जोडू." एवढं मोकळं उत्तर मला पुढे कुणी दिलं नाही. पण आये, तात्याही हात जोडतातच. त्यांच्याकडून काय आलं ते बघितलंस ना?

राग एकाच गोष्टीचा आहे तुझ्यावर. पालखी आपल्या दारात थांबणार नाही हे माहीत असून दर शिमग्याला तू अंगण सारवायचीस. रांगोळी, समई, ओटीचं ताट. ढोल जवळ यायचा आणि आपलं अंगण ओलांडून पुढच्या घरी जायचा. मी निडी स्टेशनवर उतरून घरी यायचे तर तू ते ताट आत नेत असायचीस. मी चिडले की म्हणायचीस, "देवी खांद्यावर असते गो. खांदे नेतील तिकडं जाते बिचारी. तिचा काय दोस?" कशाला केलंस ते? त्या खांदेकऱ्यांना तेवढीच करमणूक!

आणि तू गेलीस तेव्हा गावातला एक खांदा पुढे आला नाही. ह्यांच्या शिफ्टमधली माणसं धाटावच्या कंपनीतून आली. त्यात एक रफिक, एक बिहारी पोरगा. तिरडी बांधायची कशी तेही त्यांना नीट येत नव्हतं, पण बांधली. दुपारी यमुनाकाकी टोप घेऊन आली. पिठलं-भात. सगळ्यांना वाढून बसली.

आणि काल तात्यांनी पुढचं बोलणं काढलं. "औंदा पालखी पैली तुज्या आयेच्या अंगनात थांबवू. मानाचा नारळ तुज्या हातून. तू फकस्त कोर्टात सांग, आमचं मिटलं." खरं सांगते, मन डळमळलं. शेवटच्या आजारात तू तेवढंच मागत होतीस. एकदा पालखी अंगणात यावी. मी हो म्हटलं असतं तर तुझी इच्छा पुरी झाली असती.

मग मी विचारलं, "तात्या, कौलाला प्रश्न काय लावलात?"

"माफ करायचं काय, असा."

"मग आता माझ्यासमोर, सगळ्या गावासमोर दुसरा लावा. मयताच्या घरी भात नेणं हा गुन्हा होता काय? देवी नाही म्हणाली, तर तुम्ही चौघे यमुनाकाकीच्या दारात जाऊन तसं सांगा."

तात्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "देवाची परीक्षा बघू नये, पोरी. आनि धर्म आपला घरचा हाय, त्यात कोर्टाचं काय काम?" मी म्हटलं, "धर्म घरचा, मग दळण परत केलं ती गिरण कुणाची होती?" उठले. पेढे मात्र न्यायला विसरले नाहीत.

देवीला ओळखणारी एकच बाई होती, तू; आणि त्याच देवीला विचारायला हे चौघे घाबरतात. यांना मी नास्तिकसुद्धा म्हणणार नाही. त्यालाही थोडं धाडस लागतं.

तर आये, पालखी नाही आणली मी तुझ्यासाठी. कोर्टात 'मिटलं' म्हणणार नाही. त्याबदली एक वचन देते. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केल्यावर विचारतात, देवाची शपथ घेणार की नुसती प्रतिज्ञा करणार? प्रतिज्ञा करायची हे माझं कधीचं ठरलेलं होतं. आता देवीची शपथ घेईन, आपल्या गावच्या देवीची, तिचं नाव घेऊन, त्या चौघांकडे बघत. माझा तिच्यावर विश्वास नाही, तुझ्यावर आहे. तू ओळखायचीस ती देवी खोटं सांगणार नाही, आणि त्या दिवशी मीही सांगणार नाही.

शिमग्याला येईन. अंगण मी सारवीन आणि भाताचा टोप यमुनाकाकीकडे नेईन. ढोल पुढे गेला तर जाऊ दे.

जिच्या जिभेला हाड नाही म्हणायचीस, ती तुझी
कुंदा